झोपेची वही

तौनोच्या वहीत चार रकाने मीच आखून दिले:
कधी पडलात, कधी लागली,
कितीदा उठलात, सकाळी कसं वाटलं.
दारू सुटून सत्तर दिवस झाले,
झोप मात्र अजून तिच्याकडेच गहाण.

ओउलूत जूनमध्ये रात्र अशी होतच नाही.
काळी चादर त्यानं खिळे ठोकून खिडकीला लावली.
मी म्हटलं, दीडच्या आधी गादीला पाठ लावायची नाही,
आणि डोळा लागला नाही तर उठायचं.
उठून काय करू?
काहीही. कंटाळवाणं.

मग वहीत येऊ लागलं:
'स्क्रू निवडले, मापानुसार.'
'तेच परत मिसळले.'
'बायकोच्या बाजूची उशी उन्हात ठेवली. ऊन पहाटे तीनचं.'
तिसऱ्या रकान्यात एकदा नुसतंच:
'बाटली नाही. तिचा आवाज.'

आज तो चाळीस मिनिटं उशिरा आला.
मी सवयीनं जरा पुढे वाकले, वासासाठी.
त्याला कळलं. तो हलला नाही.
साबणाचा वास. आणि गालावर
उशीच्या शिवणीचा वळ.

कालचं पान कोरं होतं.
म्हणाला, लिहायला
जागाच नव्हतो.