रिडिक्युलस

विट्याच्या तहसीलमध्ये पंख्याखाली बसलोय.
टोकन नाही, रांग नाही,
एक बाकडं आणि भिंतीला टेकलेली पाच डोकी.
भिंतीवर तेवढे तेलाचे पाच डाग.
सर्व्हर डाऊन आहे. सोमवारीही होता.
सातबाऱ्यावर माझं नाव चढायचंय,
दस्तगीर बाबालाल मुलाणी.
कागदावर अजून अब्बाच पिकवतात शाळू.

अशा वेळी कीथसाहेब आठवतो.

अकरा वर्षं त्याची गाडी चालवली दोह्यात.
आरशात त्याची भाजलेली गुलाबी मान
आणि दिवसातून वीसदा एकच शब्द :
रिडिक्युलस.
ऑगस्टात गार पाण्याच्या नळानं तोंड पोळलं, रिडिक्युलस.
रात्रीच बादली भरून ठेवा साहेब, म्हटलं,
आमच्या लेंगऱ्यात पाणी शिळं करूनच वापरतात.
तेव्हा हसला. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या घेऊन आला.
एसीवाला म्हणाला बुकरा. बुकरा म्हणजे उद्या.
तो उद्या नऊ दिवस चालला.
टायपिंगवाल्यानं कीथचं कीत केलं,
त्या एका अक्षरापायी तीन ऑफिसं, चौदा शिक्के.
मॅडमच्या कुत्र्याला फूटपाथ पोळतो
म्हणून चार बूट मागवले परदेशातून.
दोन पोचले. दोन्ही डावे.
रमजानात तळघरातल्या पार्किंगमध्ये
खाली वाकून सँडविच खायचा, चोरासारखा,
आणि मी, रोजा असलेला,
बाहेर पाठ करून उभा राहायचो
त्याला लाज वाटू नये म्हणून.

रात्री फोनवर जैबुनला सांगायचो सगळं.
ती म्हणायची, एवढा पगार घेऊन रडतोय व्हय?
आणि हसायची. मीही हसायचो,
आठ जणांच्या खोलीत, चादरीत तोंड घालून.

एकदा त्याला सुट्टीवर जायचं होतं.
देशाबाहेर पडायचा कागद
कफीलच्या सहीसाठी तीन दिवस अडला.
साहेबानं पुढच्या सीटवर मूठ आपटली,
ती माझ्या पाठीला लागली.
आपण काय कैदी आहोत का, दस्तगीर?
आपण म्हणाला तो.
ते इतकं बरं वाटलं
की माझ्या कागदाचं सांगायचं राहूनच गेलं.
आदल्याच वर्षी अब्बा गेले होते.
मला सही मिळाली अकराव्या दिवशी.
पोचलो तेव्हा
कबरीवरची माती बसून गेली होती.
शेजारच्या कबरीसारखीच दिसत होती,
भावाला विचारावं लागलं कुठली ते.

मुलाणी, उद्या या.

खिडकीतला पोरगा. नवीनच आहे,
मनगटावर घड्याळ मोठं, मिशी अजून ठरलेली नाही.
उद्या म्हणजे किती दिवस, विचारणार होतो,
तर तोंडातून भलतंच निघालं,
मोठ्यानं, साहेबाच्या सुरात, र ओढून :
रिडिक्युलस.

बाकड्यावरची डोकी भिंतीपासून सुटली.
पोरानं माझ्याकडं बघितलं,
आणि ती नजर मी लगेच ओळखली.
अकरा वर्षं तीच नजर मी आरशातून टाकत होतो.
राग नाही त्यात. थोडी कीव, थोडी गंमत.
बोलू दे बिचाऱ्याला,
पाहुणा माणूस आहे,
आज ना उद्या जाईल आपल्या गावाला.

मामा, बाहेरचे का तुम्ही?
आवाजात माया होती, खोटं कशाला बोलू.

न्हाई रे, म्हटलं. लेंगऱ्याचा.

लेंगऱ्यात मोठं झाल्यासारखं वाटत नाही, म्हणाला,
आणि चहा घेणार का विचारलं.
घेतला. साखर जास्त होती.

बाहेर मोटारसायकल बारापासून उन्हात.
सीटला हात लावून बघितला, काढला.
खिशातला रुमाल बाटलीच्या पाण्यानं भिजवला,
सीटवर पसरला,
साहेबाला शिकवला होता तसा,
आणि वाळायच्या आत बसलो.