वेंगुर्लं बंदर, एकोणिसावी खेळी

उंट हरवला त्याला दोन वर्षं झाली.
त्याच्या घरात जाळ्याचं शिसं उभं,
बोटांना हत्तीहून जड,
म्हणून हलवायचं राहतंच.

पास्कूनं घोडा मधोमध आणला
आणि बर्फाच्या कारखान्याकडे बघत विडी पेटवली.
प्यादं फुकट सोडलंय.
फुकट? पास्कूनं?
मारलं, की त्याच्या हत्तीला माझ्या राजापर्यंत रस्ता.
नाही मारलं, तर तेच चार घरं चालून
वजीर होणार.
का चुकलाच बिचारा?
काल बँकेची नोटीस आली म्हणे, इंजिनाची.
हे पटावर धरायचं नसतं.
धरलं जातं.

सुकती लागलीय मांडवीला.
चिखलातून पाण्याची वाट उघडी पडतेय,
सरळ नव्हे, तिरकी,
खडकाखडकांमधून थेट समुद्रात.

शिसं उचलतो.
अर्धी विडी पास्कू वाळूत खुपसतो.