नववा धागा

शुक्रवारी मॅकास्किल मास्तरांनी
शाळेचा कॉम्प्युटर खोक्यात भरून दिला,
सोमवारी घंटेआधी परत, या बोलीवर.
ओइरिकने तो लुईस बेटाच्या टोकापर्यंत
बसमध्ये मांडीवर धरून आणला,
तापातलं मूल आणावं तसा.

साल चौऱ्याऐंशी. बाहेर वारा.
पत्र्याच्या शेडमध्ये बाप पायाने माग चालवतोय,
धोट्याचा ठोका भिंतीतून घरभर.
तिने टीव्हीला वायर जोडली
आणि बेसिकमध्ये बापाचं कापड विणायला घेतलं:
दोन धागे वर, दोन खाली,
पुढच्या ओळीत एक घर सरकून.

बेसिक भलं आहे. इंग्रजी बोलतं,
चुकलं तर ओळीचा नंबर सांगतं.
पण प्रत्येक ओळ आधी वाचणार, मग समजून घेणार,
मग कुठे हात हलवणार.
पडदा भरेपर्यंत चहा निवला.
बाप डोकावून म्हणाला,
"एवढ्यात मी वीतभर विणलं असतं."

मग तिने चौकोनी कंस उघडला.

त्याच प्रोग्रॅमच्या पोटात, कंसाच्या आत,
दुसरीच भाषा. तीन-तीन अक्षरांचे शब्द.
हात तीनच: ए, एक्स, वाय,
एका हातात दोनशे पंचावन्नच्या वर मावत नाही.
उचल. फिरव. ठेव. एकने कमी कर.
शून्य झालं नसेल तर मागे जा.
आणि शेवटी परत ये, हेही सांगायचं;
नाही सांगितलं तर ते जातं ते जातंच.

कंसातलं सगळं दोनदा वाचायचं असतं.
पुढे येणारी नावं पहिल्या फेरीत कुणालाच माहीत नसतात,
म्हणून तेव्हा चुका पोटात घालायच्या.
दुसऱ्या फेरीत एकही नाही.

बापाचंही तसंच. गिरणीचा माणूस आला
की दारात उभ्याने इंग्रजी,
आणि वाक्याच्या मधेच, धागे मोजताना,
ओठ गेलिकमध्ये हलायचे.
गिरणीवाल्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही.
आकडा मात्र बरोबर यायचा.

शनिवारी रात्री, कॉल.
पापणी लवायच्या आत पडदा भरला.
ओइरिक खुर्चीवरून उठून नाचली.
बापाने चष्मा पुसला, जवळ आला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग काचेवर बोट: "इथे. आणि इथे.
एक धागा जास्त आहे."
"आठच आहेत, बाबा. बाइटमध्ये आठच मावतात."
"नऊ," तो म्हणाला,
आणि बाराला पाच कमी असताना प्लग काढला.
रविवार लागणार होता.

रविवारी त्या गावात माग बंद,
दोरीवर कपडे नाहीत, टीव्हीवर चादर.
चर्चमध्ये प्रवचन दोन तास.
ती बाकावर बसून, अंगठे मुडपून,
आठ बोटं मोजत राहिली, फिरवत राहिली.
डावीकडून पडतं ते
थेट उजवीकडे येत नाही.
ते कॅरीत जाऊन बसतं, उंबऱ्यावर,
आणि आत शिरतो तो
तिथे आधीपासून बसलेला.

स्तोत्राच्या ऐन मध्यावर तिला हसू फुटलं.
आईने कोपर मारलं.

सोमवार, पहाटेचे पाच. एकच नवी ओळ:
फिरवण्याआधी एकशे अठ्ठावीसशी ताडून बघ.
म्हणजे जो पडणार,
तोच उंबऱ्यावर, आणि तोच आत.

कॉल.

शेडकडे निघालेला बाप दारात थांबला,
एक पाय बुटात, एक बाहेर.
ओठ हलले: ऊन, घा, त्री...
आठपर्यंत गेले, थांबले,
पुन्हा पहिल्यापासून निघाले.

"काठ सैल पडलाय," तो म्हणाला,
आणि दुसरा बूट घालून गेला.

बसला अजून वीस मिनिटं होती.
तिने रिकामं खोकं पायाने बाजूला सारलं.