पहाटे तीन दहा

सौनाच्या अलीकडे, जिथे पाहुणे बूट काढतात,
त्या फळीवर माझी तीन यंत्रं आहेत.
दोन शाळेनं भंगारात काढलेली,
तिसरं कॅर्डलाच्या दंतवैद्याकडचं,
अजून त्यावर हसऱ्या दाढेचं स्टिकर.
मार्ये त्यांच्यावर हातमोजे वाळत घालते.
"तुझ्या या दुसऱ्या संसाराला निदान ऊब तरी आहे," म्हणते.

फळीवर काय काय नांदतं:
चर्चच्या गायनमंडळाच्या तालमी, खोकल्यांसकट,
त्रीनूचे फोटो, पहिला दात पडला तिथपासून
ती टार्टूला शिकायला गेली तिथपर्यंत,
आणि एक डेटाबेस: सत्तावीस वर्षांची जाळी.
बापानं वह्यांत पेन्सिलीनं लिहिलेली,
मी दोन हिवाळे एकेका बोटानं टंकलेली.
तारीख, वारा, हेरिंग किती, सोबत कोण.
शेवटच्या रकान्यात बहुतेक आम्ही दोघंच.
ऊर्मास आणि मी.

मी शाळेची बस चालवतो.
हे सगळं रात्री शिकलो, धडपडत.
एकदा एका चुकीच्या आज्ञेनं अख्खं १९८८ पुसलं,
बर्फ, वारा, मासे, सगळं.
ऊर्मास तेव्हा हसला, मग म्हणाला,
एक प्रत माझ्याकडे ठेव, पाण्यापलीकडे.
तुझं घर जळलं तर सगळंच जळायला नको.
हाप्सालूला, त्याच्या जिन्याखाली,
बुटाच्या खोक्याएवढी काळी डबी.

मग बाप गेला. मग होडी विकली गेली.
कुणी विकली, कितीला, कुणाला विचारून,
ते इथे लिहीत नाही.
चार वर्षं अबोला.

पण रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
माझं यंत्र समुद्राखालून विचारायचं: आहेस?
त्याची डबी म्हणायची: आहे.
कालपासून काय बदललं?
फारसं नाही. घे.
सकाळी नोंदीत एक ओळ: यशस्वी.
कॉफीबरोबर मी तेवढीच वाचायचो.

नोव्हेंबरच्या वादळात वीज गेली, आली, गेली,
आणि परत आली ती जळका वास घेऊनच.
शाळेची दोन्ही बसली.
दंतवैद्याचं उरलं, दिवा लुकलुकवत,
आणि काही केल्या उघडेना.
तिघांतले दोघं हवेत, हा माझाच नियम:
एकट्यानं सांगितलेलं खरं धरायचं नाही.
दातांत टॉर्च धरून मी समोर बसलो.
अरे, तुझ्याकडे आहे ना सगळं?
ते विचारत राहिलं: बाकीचे कुठे आहेत?

जबरदस्तीची एक आज्ञा असते. ती दिली.
उघडलं. १९९१ नंतर नुसती शून्यं.
डबीची किल्ली मेलेल्या दोघांपैकी एकात.
म्हणजे फोन.

दोनदा वाजला.
"तीन दहाला आलं नाही," ऊर्मास म्हणाला.
ना हॅलो, ना कोण बोलतंय.
"कालही नाही. एरवी दिवा हिरवा होतो.
बेकरीला निघताना मी बघतो."
मी म्हटलं, वादळ.
"पंखा खरखरतोय तुझा. दोन वर्षं झाली.
आणि वीजबिल माझ्या माथी."
बंद का नाही केलीस, हे विचारायचं
ओठांवर आलं होतं. गिळलं.
बराच वेळ फोनमध्ये फक्त वारा,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
"होडीचं म्हणशील तर…" तो म्हणाला.
"आधी डिस्क," मी म्हणालो.

शनिवारच्या बोटीनं निघालोय.
खिशात नवा पंखा, चार स्क्रू,
मार्येनं दिलेला माशाचा डबा, त्याच्यासाठी, बोलली नाही तरी.
डेकवर उभा राहून जुन्या सवयीनं
पावतीच्या मागे लिहिलं:
तारीख. वारा वायव्येचा, बोचरा. हेरिंग शून्य.
सोबत कोण,
ते परतताना भरीन.