टक

सावद्याला त्या रात्री पारा सातावर होता.
केळीच्या बागांत चरका पडला,
आणि स्टँडामागच्या लोटन सैंदाण्याच्या सलूनमध्ये
आरशाखालच्या टाकीतले
मासे मेले.

थंडीने नाही. उकडून.

सकाळी सातला त्याचा फोन,
"भाऊ, बठ्ठा शिजी ग्यात."
गेलो तेव्हा काचेला घाम फुटलेला,
हीटरचा लाल दिवा अजून चालूच,
आणि लोटन बसलेला
गिऱ्हाइकाच्या खुर्चीत,
आरशाकडे पाठ करून.

मी हीटर फोडून दाखवला.
हे बघ, या दोन पत्र्या.
पाणी तापलं की वाकून सुटायला हव्यात.
या सुटल्याच नाहीत, ठिणगी खाऊन चिकटल्या.
यात तुझं काही नाही.
तो म्हणाला, रात्री आकडा मीच वाढवला होता.

माझं पोट केळीच्या चेंबरांवर.
पिकवायच्या खोल्यांना जो डबा बसवतो
तोच काढला पिशवीतून.
मुठीत मावेल एवढा, पुढे तांबडे आकडे, मागे आठ स्क्रू.
केळीला तो गार ठेवतो, सतरावर.
माशाला गरम ठेवायचं, सव्वीसवर.
डबा तोच.
फक्त वायर दोन घरं अलीकडे.

ही दोन घरं मला पाठ आहेत.
फैजपूर रोडला, फिरके शेठच्या तीन नंबरच्या खोलीत
मी एकदा ती चुकलो होतो.
खोली तापली की मशीन गप्प,
नऊ टन माल दोन रात्रींत लगदा.
शेठ काही बोलले नाहीत.
एक केळं सोललं,
अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं.
गोड होतं. फार गोड.

लोटनला हे सांगितलं नाही.
स्क्रूड्रायव्हर घेतला.

न्यूट्रल सरळ हीटरकडे, त्याला कुणी अडवायचं नाही.
फेज मात्र डब्यातून,
पाचव्या घरात आत, सहाव्यातून बाहेर.
अर्थिंग बघितलं तर नुसतं नावाला.
मागच्या बोळात खड्डा केला,
कोळसा, मीठ, पाइप, बादलीभर पाणी.
खड्डा लोटननेच खणला,
मला पहारीला हात लावू दिला नाही.

प्लगकडे जाणाऱ्या वायरला आधी खाली झोळ दिला.
पाणी वायर धरून चालतं, मी म्हणालो,
झोळाच्या पोटापर्यंत येतं, तिथून टपकतं फरशीवर,
पुढचा चढ चढायचा त्याला कंटाळा.
इथे तो पहिल्यांदा हसला.

तीनशेचा एक नको, शंभरचे दोन घे.
एक अडकला तरी एकट्याने टाकी शिजणार नाही,
एक मेला तरी रात्र निघेल.
त्यांचा आकडा अठ्ठावीसला ठेव, डब्याचा सव्वीसला.
डबा चुकला तर ते थांबतील,
ते चुकले तर डबा.
"आन दोन्ही चुकनात तं?"
मी टेप शोधत होतो.

सगळ्यात नाजूक ती सेन्सरची काळी दोरी.
पाण्याबाहेर आली
तर डबा दुकानातली थंडी मोजत बसेल
आणि पाणी तापवत राहील, रात्रभर, इमानाने.
जिथे बोट बुडवाल तिथलंच तो सांगतो.
दोरी दोन ठिकाणी बांधली.
मग तिसऱ्या ठिकाणी.

नवे मासे त्याने आणले नाहीत.
आठ दिवस नुसतं पाणी आणि बुडबुडे.
गिऱ्हाइकं विचारायची, मासे कुठेत?
"पाणी शिकी ऱ्हायनं," तो म्हणायचा.

रविवारी मी दाढीला बसलो.
गालावर साबण, गळ्याशी वस्तरा,
आणि आरशाखाली
टक.

वस्तरा थांबला.
"चालू व्हयनं का बंद?"
आवाजावरून कळत नाही, म्हणालो.
दोन्ही सारखंच वाजतं. दिवा बघायचा.

तो वाकून दिवा बघत राहिला.
माझा साबण वाळत होता.
मी घाई केली नाही.