दुसरा झटका

टिपरच्या कमानपाट्यांत हात गेले माझे,
उसगावात, तिठ्यावरच्या शेडमध्ये, एकवीस वर्षं.
पाटा तुटला की आवाजावरून सांगायचो
कितवा.
खाणी बंद झाल्या. शेडमध्ये आता काजूची पोती.
उरली ती मेव्हण्याने दिलेली छऱ्यांची बंदूक,
नळी मोडून ताणायची, स्प्रिंगची,
आणि चारनंतरचा मोकळा वेळ.

पन्नाशीनंतर मागची खाच धुरकट झाली.
पुढचा मणी पाहावा तर डबा पळतो,
डबा पाहावा तर मणी विरघळतो.
डोळा एका वेळी एकाच गोष्टीचा होतो,
हे मला बंदुकीने सांगितलं.
बायको आधीपासून सांगत होती.

म्हणून दुर्बीण. म्हापशाच्या शुक्रवारी,
चोरिसांच्या माळा आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्या मध्ये,
लांबलचक, काळी, अंगावर सोनेरी अक्षरं.
"नऊपट," पोरगा म्हणाला, "हत्तीलासुद्धा चालते."
हत्तीला चालली असती.
माझ्याकडे नव्वद छऱ्यांत
आतली फुली एका बाजूने सुटून
काचेत लोंबायला लागली,
हुमणातल्या केसासारखी.

वास्कोला इनासियु कुलासो. जहाजांच्या दुर्बिणी
उघडून बसायचा, आता नुसताच बाल्कांवात बसतो.
त्याने ती कानाशी हलवली. खुळखुळली.
"मोठ्या बंदुकीची ही. ती एकदाच मारते, मागे.
स्प्रिंग दोन फावटीं मारता."
आणि हातांनी दाखवलं:
दट्ट्या सुटतो, बंदूक तुझ्याकडे येते.
दट्ट्या टोकाला आपटतो, बंदूक तुझ्यापासून जाते.
मागचा झटका सोसायला सगळ्या काचा शिकलेल्या असतात.
पुढचा नाही.

मी हसलो. मला कमानीचं सांगतोय.
मग हसू राहिलं तिथंच. खरं होतं.
गाडी खड्ड्यात बसते तेव्हा नाही,
वर उसळते तेव्हा तुटायचा पाटा.

घेतली ती आखूड. चारपट, पुरे.
स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच बांधलेली.
पुढची कडी फिरवली की दहा मीटरवर काच निवळते;
बाजारातली शंभराच्या अलीकडे आंधळी होती.
माउंट दोन तुकड्यांचं नको, एकाच अंगाचं,
पोटातून उतरणारी खीळ रुळाच्या भोकात बसणारी.
नाहीतर छऱ्यागणिक दुर्बीण केसभर मागे सरकते
आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो.
दुर्बिणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंमत,
लोखंडाच्या एका तुकड्याला!
घरी ती मी सांगितलेली नाही.

स्क्रू आवळले चाकाच्या नटांसारखे,
समोरासमोरचे, थोडे थोडे.
इथे मला कुणी शिकवायचं नव्हतं.

निशाणाला जुन्या खेपांच्या पावत्या, पाठकोऱ्या,
गठ्ठाभर पडल्यात शेडमध्ये.
चिऱ्यांच्या गडग्याला फळी टेकवून टाचल्या.
एक उलटी लागली, लिहिलेली बाजू माझ्याकडे.
डोळा लावला.
फुलीच्या मागे, कोरल्यासारखी अक्षरं:
टिपरचा नंबर. टन दहा. खेप तिसरी.
सही खुशाली वेळीप, प-ची शेपटी कागदाबाहेर गेलेली.
त्या दुपारी तो म्हणाला होता, डावीकडे करकरतंय.
मी म्हणालो होतो, उद्या बघू.
चौथ्या खेपेचा रकाना कोरा.

बंदूक खाली ठेवली. चालत गेलो,
टाचणी काढली, पावती खिशात घातली,
दुसरी लावली, कोरी बाजू पुढे.

पहिला छरा डावीकडे, खाली.
चार टिकटिक वर, सहा उजवीकडे.
घट्ट धरायची नाही, इनासियु म्हणाला होता,
तळहातावर ठेवायची, जाईल तशी जाऊ द्यायची.
वीस मारले. शेवटचे बारा एका रुपयाखाली झाकले गेले.

दर छऱ्यानंतर मी खिळीला बोट लावून पाहिलं.
जागेवर होती.
जागेवरच होती.
तरी पाहत होतो.