पान एकेचाळीस

बाहेर शेहेचाळीस. खिडकीत कूलर घरघरतोय
आणि पुस्तकातली बाई सांगते,
त्या रात्री मी घराबाहेर पाऊलच टाकलं नाही.
बरं बाप्पा, मानलं.
चार पानांनी तिची चप्पल ओली निघते.

प्रतापनगरच्या वाचनालयात टेंभुर्णे सरांनी
पुस्तक हातात देताना नजर चुकवली होती.
शेवट आधी पाहू नका, एवढंच म्हणाले.
आता मला तोही पुरावा वाटतो.

पान एकेचाळीस. समासात पेन्सिलीनं,
बारीक, सरळ अक्षरात:
नणंदेनं मारलं.

वाटोळं होवो लिहिणाऱ्याचं!
दोनशे पानं मग कशाला घाम गाळायचा?
तरी वाचत गेले, नणंदेवर डोळा ठेवून.
तिनं चहात टाकलेली साखरसुद्धा मोजली.
डॉक्टर भला निघाला, मग भला निघाला नाही,
आणि ज्याचं तेरावं उरकून झालं होतं
तो नवरा एकशे बाराव्या पानावर
मुकाट्यानं जिना उतरून आला.
माझ्या हातातलं पन्हं सगळं ओढणीवर.

"काय वाचून राहिली एवढं?" मुरलीधर आतून.
"कूलरमध्ये पाणी टाकलं का?"
टाकलं, म्हणाले.
इतकं सहज, इतकं गोड,
की मीच दचकले.
आवाज त्या बाईचा होता.

रात्री दोनला कूलर नुसती गरम हवा फेकत होता.
अजनीकडून एक मालगाडी संपता संपेना.
आणि शेवटच्या आधीच्या पानावर कळलं,
सगळ्या पुस्तकात खरं बोलणारी
एकटी नणंदच होती.

अंधारात तोंडावर उशी दाबून हसले.
फसल्याचा एवढा आनंद
कुणाला सांगायचा असतो?
भंडाऱ्याला माझ्या खऱ्या नणंदेला
फोन लावावासा वाटला,
उगाच, माफी मागायला.

सोमवारी पुस्तक परत केलं.
"कसं वाटलं?"
ठीक, म्हणाले. कळलं होतं आधीच.
टेंभुर्णे सरांनी मान हलवली,
कानावरची पेन्सिल काढली
आणि माझ्या कार्डावर तारीख लिहिली,
बारीक, सरळ अक्षरात.

घरून निघण्याआधी मीही
पान नव्वदवर एक ओळ लिहून ठेवली आहे.
डॉक्टरबद्दल. ती खरी नाही.

बाकी वर सगळं जसं घडलं तसंच सांगितलं,
पन्ह्याचं सोडून.